खून कोणी केला ते आमच्याकडे संध्याकाळपर्यंत कळतं

मंडळी, आज भांडायचा मूड आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी 'तू अशी नव्हतीस गो' म्हणायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यंदाच्या पावसात मी थरारकथा लिहायला शिकवणारा एक ऑनलाईन कोर्स केला. आठ आठवड्यांचा. रविवारी संध्याकाळी दोन तास सगळे समोरासमोर, बाकीचे दिवस आधी चित्रित केलेली व्याख्यानं, गृहपाठ, आणि शेवटी आपल्या पहिल्या तीन प्रकरणांवर 'वैयक्तिक मार्गदर्शन'. फी सात हजार नऊशे नव्याण्णव. (सरळ आठ हजार म्हणायला काय जातं यांचं?) कोर्स कोणाचा ते सांगणार नाही. नाव घेऊन मारण्याएवढा तो वाईट नव्हता आणि फुकट जाहिरात करण्याएवढा चांगलाही नव्हता.

ही बातमी फुटल्यापासून आमच्या घराण्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, लिहायला कुठं शिकता येतं का, ते रक्तात असावं लागतं. दुसरा म्हणतो, शिकायचंच होतं तर जरा बरं काही शिकायचं, खूनबिन कसले. धाकट्या आत्येनं दोन्ही तट एका वाक्यात जोडले. म्हणाली, "पैशे भरून खोटा बोलूक शिकतंस? आमच्या वाडीत ता फुकट शिकवतत."

आत्ये, तुझ्याकडे मी शेवटी येते. आधी रक्तवाल्यांचा समाचार.

हे 'रक्तात असावं लागतं' आपण फक्त लिहिण्याबद्दलच का म्हणतो? चिरा बसवणारा गवंडी आधी कित्येक वर्षं कोणाच्या तरी हाताखाली गोळे वाहतो. तो भिंत सरळ बांधायला लागला की आपण 'काय हात बसलाय' म्हणतो, दैवी देणगी म्हणत नाही. आणि दशावतार? वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, कुठलीही कंपनी घ्या. हातात लिहिलेलं नाटक नसतं. तोंडाला रंग लावता लावता जाणता माणूस आख्यान सांगतो, राजा कोण, राक्षस कोण, राणी कोण ते ठरतं, आणि मग संवाद उभ्या उभ्या जुळवायचे. नवीन पोरगा बिनबोलत्या कामावर सुरू होतो, कडेला बसून बघतो, चुकला की आत गेल्यावर शिव्या खातो. दहा जत्रांनंतर त्याला कळतं की समोरची माणसं पेंगायला लागली की काय करायचं. हे शिक्षणच झालं की नाही? मग कागदावर वाचकाला पेंगू कसं द्यायचं नाही हे कोणी शिकवलं तर एवढं पोटात का दुखावं?

दुखतं, कारण आपल्याकडे रहस्यकथेला जेवणाच्या पंगतीत कधी पाट मिळालाच नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) मुंबईत चष्म्याचं दुकान चालवत आणि लिहीत. हजारावर पुस्तकं! झुंजार आणि काळा पहाड ही नावं आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर लिहिली. ते २०२१ साली गेले तेव्हा 'अरे, ते होते का अजून?' असं म्हणणारी माणसं मी स्वतः बघितली. सुहास शिरवळकरांचं तर आणखी मजेशीर. ते हयात असताना 'पॉकेटबुकवाले' म्हणून नाक मुरडणारे लोक २०१३ साली 'दुनियादारी'चा सिनेमा आला तेव्हा 'आम्ही कॉलेजात पारायणं केली हो' म्हणायला लागले. शिरवळकर २००३ मध्येच गेले होते, त्यामुळे त्यांना ऐकता आलं नाही ते. गावोगावच्या वाचनालयांत या पुस्तकांची कव्हरं फाटायची, पानं निखळायची, आणि वाङ्मयाचा इतिहास सांगताना मात्र ही कपाटं बंद. ज्या माणसानं लाखो लोकांना वाचायची सवय लावली, त्याला 'हे कसं करता हो?' असं कोणी नीट बसून विचारलं असेल का? वाटत नाही. म्हणून ती कारागिरी त्यांच्याबरोबर गेली, आणि आज मला ती इंग्रजीतून भाषांतर झालेल्या स्लाईडवरून शिकावी लागते.

तिकडे या गोष्टीची लाज नाही. लेस्टर डेंट नावाच्या लेखकानं (१९३०च्या दशकातल्या डॉक सॅव्हेजच्या बहुतेक कादंबऱ्या त्याच्या) सहा हजार शब्दांच्या गोष्टीचा चक्क आराखडा लिहून ठेवलाय. दीड दीड हजार शब्दांचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात नायकाच्या डोक्यावर नवं संकट, प्रत्येकाच्या शेवटी कलाटणी. पाककृती लिहावी तसा. २०१८ साली डॅन ब्राऊननं ऑनलाईन थरारकथा शिकवायला घेतली, तेव्हा 'एवढा मोठा लेखक आणि क्लास घेतो' असं त्याला कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि कोर्समध्ये जे शिकवलं त्यातलं बरंचसं खरंच कामाचं होतं, हेही सांगून टाकते. हिचकॉकची टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९६२ साली त्रुफोनं त्याच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यातली. दोघं गप्पा मारतायत आणि एकदम बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, त्या दोघांना मात्र माहीत नाही, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. हे मी त्याआधी कुठं वाचलं नव्हतं असं नाही. पण गृहपाठ म्हणून एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लिहून काढल्यावर जे हाताला कळलं, ते नुसतं वाचून कळत नाही. प्रकरण कुठं तोडायचं, पुढं लागणारी वस्तू आधी कशी सहज टेबलावर ठेवून द्यायची, एका प्रसंगात माणसाला नेमकं काय हवं आहे... हे सगळं शिकता येतं. मी शिकले. रक्तवाल्यांनी आता शांत बसावं.

आता कोर्सवाले.

मी कट्ट्याची आहे म्हटल्यावर पहिल्याच रविवारी मार्गदर्शक हसले. त्यांना वाटलं गावठी कट्टा! थरारकथेचा क्लास आणि बाई पिस्तुलाच्या गावची. मग त्यांना सांगावं लागलं की हे मालवण तालुक्यातलं गाव आहे, मालवणहून कसालला जाताना चौक्याच्या पुढं लागतं, बाजारपेठ आहे, वराडकर हायस्कूल आहे, आणि पिस्तूल कोणाकडे नाही. त्यावर ते म्हणाले, "मग तिथं थरार काय असणार?" सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो गमतीतला नव्हता. आठही आठवडे तोच प्रश्न निरनिराळे कपडे घालून येत राहिला.

माझी गोष्ट अशी. (हो, सांगून टाकतेय सगळी. का ते पुढं कळेल.) एक एकटी म्हातारी. काजूची बाग तिच्या नावावर. मुलगी मुंबईत. पुतण्या इथं, आणि म्हातारीनं कधीतरी दुखण्यात त्याला कुलमुखत्यारपत्र करून दिलेलं. बुधवारी देवळात ती चारचौघांत बोलते की शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं मालवणला जाते आणि ते पत्र रद्द करते. शुक्रवारी दुपारी त्याच पत्रावर बागेचं खरेदीखत होतं. रविवारी म्हातारी विहिरीत सापडते.

मी सतरा वर्षं मालवणात एका वकिलांकडे टायपिंग करतेय, त्यामुळे एक साधी गोष्ट मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे: पत्र देणारा माणूस मेला की त्याचं मुखत्यारपत्र संपलं. म्हणजे म्हातारी शुक्रवारी दुपारी जिवंत असणं पुतण्याला अत्यंत गरजेचं आहे. आणि ती तर गुरुवारी रात्रीच गेलीय. पाण्यात तीन दिवस राहिलेल्या देहावरून डॉक्टर तास-मिनिटं सांगू शकत नाहीत. पण शेजारच्या चार घरांनी बघितलंय की शुक्रवारी सकाळी तिच्या मांगराच्या कौलांतून धूर आला नाही. चाळीस वर्षांत पहाटेची चूल चुकली नव्हती तिची.

एवढंच. पुतण्यानं केलंय हे तिसऱ्या पानावर कळतं. वाडीत तर रविवारी संध्याकाळीच कळतं. गिरणीवर कळतं, मासेवालीला कळतं, शेवटच्या एसटीनं उतरणाऱ्याला उतरल्या उतरल्या कळतं. "कोणी केल्यान ता सगळ्यांका म्हायत आसा. बोलतलो कोण?" हे माझ्या गोष्टीतल्या एका म्हाताऱ्याचं वाक्य आहे आणि माझ्या मते तीच अख्खी गोष्ट आहे.

'वैयक्तिक मार्गदर्शन' आलं दीड पानाचं. सारांश देते. खुनी तिसऱ्या पानावर फुटलाय, शेवटच्या दहा पानांत न्या. गुप्तहेर कुठाय? (पोलीस पाटील हा कोण प्रकार आहे ते वाचकाला कळणार नाही, त्याऐवजी तडफदार इन्स्पेक्टर घ्या.) घड्याळाची टिकटिक नाही. बोली जड जाते. आणि सर्वांत महत्त्वाचं: कथानक पुणे किंवा मुंबईत हलवा, म्हणजे 'वाचकाला जवळचं वाटेल'. निवडक कथांचं ई-पुस्तक निघणार होतं, त्यात यायचं तर एवढे बदल करून पंधरा दिवसांत पाठवा.

माझ्याबरोबर कोर्सला लातूरची एक मुलगी होती. तिची गोष्ट एका प्रयोगशाळेतल्या विषाणूची. आम्ही दोघींनी आपापली दीड पानं एकमेकींना वाचून दाखवली तर दोन परिच्छेद शब्दशः तेच. तिच्या पानात एका ठिकाणी तर 'काजूची बाग' राहून गेली होती!

याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. अमेरिकेत एक 'फेमस रायटर्स स्कूल' होतं, पोस्टानं लेखन शिकवणारं. जाहिरातीत नामवंत लेखकांचे फोटो, जणू तेच तुमचे कागद तपासणार. १९७० साली जेसिका मिटफर्ड या बाईनं 'अटलांटिक' मासिकात त्यांचं पितळ उघडं पाडलं. नामवंत लेखक विद्यार्थ्यांचे कागद बघतही नव्हते, आणि फी मात्र वसूल होत होती, विद्यार्थी अर्ध्यात सोडून गेला तरी. पोस्टाचं इंटरनेट झालं, बाकी काय बदललं? पण हा माझा मोठा राग नाही. बाजारात गेलं की तराजू बघूनच घ्यावं लागतं. माझा मोठा राग त्या दीड पानात लिहिलेल्या मजकुरावर आहे. तो सगळाच्या सगळा दुसऱ्या कोणाच्या गावाबद्दलचा आहे.

खुनी शेवटी उघड व्हायला हवा हा नियम कुठून आला? शहरातून. जिथं शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते ठाऊक नसतं, तिथं 'कोण' हा खरा प्रश्न असतो. तिथं बाहेरून एक हुशार माणूस येतो, राखेवरून सिगारेट ओळखतो आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून नाव सांगतो. आमच्याकडे त्यानं नाव सांगितलं तर लोक म्हणतील, "त्येका आज कळला?" आमच्याकडे थरार 'कोण' मध्ये नाही. सगळ्यांना जे ठाऊक आहे ते कागदावर कोण आणणार, आणि आणल्यावर त्याचं काय होणार, त्यात आहे. साधा पंचनामा घ्या. पंच म्हणून सही करायला माणूस मिळवणं म्हणजे काय असतं ते पोलिसांना विचारा. मघापर्यंत विहिरीभोवती पन्नास माणसं असतात, कागद निघाला की गुरं सोडायची आठवण होते. ती भित्री आहेत म्हणून नव्हे हो. पुतण्याच्या बांधावरून त्यांची पायवाट जाते. त्याच्या विहिरीचं पाणी यांच्या माडांना येतं. त्याच्या मेव्हण्याकडे यांची मुलगी दिलीय. देवळात गाऱ्हाणं घालताना दोघं शेजारी उभे राहतात आणि पुढची चाळीस वर्षंही राहायचं आहे. एक वाक्य बोलायची किंमत एवढी! शहरातल्या साक्षीदाराला धमकीचा फोन येतो. आमच्या साक्षीदाराला फोनबिन काही येत नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओट्यावर कोणी बसायला येत नाही. मला तरी दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

गंमत बघा, कोर्समध्ये अगाथा ख्रिस्तीवर अख्खं व्याख्यान होतं. ती मिस मार्पल, १९३०च्या 'मर्डर ॲट द व्हिकरेज'पासून, करते काय? गावात बसून विणकाम करते आणि संशयिताला बघून म्हणते, हा अगदी आमच्या गावातल्या अमक्यासारखा वागतो. गावगप्पा हीच तिची प्रयोगशाळा. इंग्लंडातलं गाव चालतं, कट्टा चालत नाही!

आणि खुनी आधी सांगितला तर वाचक पुस्तक खाली ठेवतो म्हणता, तर मार्केझचं काय करायचं? 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' (१९८१) मध्ये नायक मरणार हे पहिल्याच वाक्यात सांगितलंय. कोण मारणार ते सगळ्या गावाला ठाऊक, मारणारे स्वतःच सांगत फिरतात, आणि तरी त्या माणसापर्यंत कोणी वेळेत पोचत नाही. मी एका बसल्या बैठकीत वाचलं, भात करपला. फार लांब कशाला जा. दशावतारात समोर बसलेल्या म्हातारीला आख्यानाचा शेवट लहानपणापासून पाठ असतो. तरी ती पहाटेपर्यंत थंडीत चादर गुंडाळून बसते. तिला कोणी 'शेवट सांगू नका हं' अशी पाटी लावून बसवलेलं नसतं. हिचकॉक जे त्रुफोला सांगत होता ते तिला कधीचंच ठाऊक आहे. कोर्सवाल्यांनी पहिल्या आठवड्यात हिचकॉक शिकवला आणि आठव्या आठवड्यात माझ्या टेबलाखालचा बॉम्ब काढून घ्यायला निघाले.

बोली जड जाते म्हणे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'चे मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोग केले ते काय फक्त मालवणी माणसांपुढे? २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आली, आकेरीतल्या वाड्यात चित्रित झालेली, तेव्हा नागपूरपासून सगळा महाराष्ट्र रात्री साडेदहाला टीव्हीपुढं बसायला लागला होता. (मालिका आवडली की नाही हा वेगळा विषय. गावाची बदनामी होते म्हणून इथूनच ओरडही झाली होती. पण बोली कळली नाही अशी तक्रार मी तरी ऐकली नाही.)

टिकटिक नाही म्हणतात त्याचं तर मला हसू आलं. खरेदीखत नोंदलं की फेरफारासाठी सूचना जाते. तलाठी (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पण जिभेवर तलाठीच येतं) नोटीस काढतो, ती चावडीवर लागते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस. पंधरा दिवसांत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर नोंद मंजुरीला जाते आणि सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. म्हातारीची मुलगी मुंबईत, जुन्या चाळीच्या पत्त्यावर. चाळ पाडून झालीत तीन वर्षं. चावडीवरचा कागद येता जाता सगळे वाचतात आणि तिला फोन कोणी करत नाही. याहून मोठी टिकटिक कुठल्या बॉम्बची असते? नोंद मंजूर झाली तरी पुढं अपील करता येतं, कोर्ट आहे, हे मलाही कळतं. पण त्या अपिलात किती पावसाळे जातात ते मी टाईप केलेल्या कागदांवरच्या तारखांवरून सांगू शकते.

पोलीस पाटलाचंही तेच. कोर्सवाल्यांच्या मते तो विनोदी पात्र. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यानं नेमलेला तो गावातलाच माणूस असतो. कायद्यानं त्यानं पोलिसांना खबर द्यायची, आणि वहिवाटीनं त्यानं गावात राहायचं. विहिरीत म्हातारी सापडली की पहिला फोन त्यानं करायचा. ठाण्यावर आधी 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होणार. ती तशीच राहणार की पुढं खुनाचा गुन्हा होणार, हे तो पहिल्या जबाबात 'धूर' हा शब्द उच्चारतो की नाही यावर बरंचसं अवलंबून आहे. असा माणूस सोडून मी तडफदार इन्स्पेक्टर घेऊ? त्या इन्स्पेक्टरची तर तीन वर्षांत बदली होईल! बरं, हे ज्ञान देणाऱ्यांच्या नोट्समध्ये खुनाचं कलम अजून ३०२ लिहिलेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हापासूनच्या खुनाला १०३ लागतं. आमच्या ऑफिसात शिपायालासुद्धा ठाऊक आहे. मी कळवलं, तर उत्तर आलं, "वाचकांना ३०२ जास्त ओळखीचं आहे." खून पुण्यात हलवा म्हणणारी ती हीच मंडळी!

तर मी बदल केले नाहीत. ई-पुस्तक निघालं, त्यात मी नाही. लातूरच्या मुलीची गोष्ट आहे, चांगली आहे, तिचं अभिनंदन. (तिच्या गोष्टीत काजूची बाग नाही, मी तपासलं.)

आता आत्ये, तुझ्याकडे. म्हणजे तुझ्याकडे, थोरल्या काकांकडे, आणि डोंबिवलीच्या वहिनींकडे, ज्यांनी एकाच आठवड्यात मला तीन फोन केले. कोर्सवाले म्हणाले कट्टा काढून टाक, वाचकाला जवळचा वाटणार नाही. तुम्ही म्हणालात कट्टा काढून टाक, वाचकांना फारच जवळचा वाटेल. "ती म्हातारी आपल्या अमक्या काकीवरून घेतलीस ना?" नाही घेतली. "मग पुतण्या कोण?" कोणी नाही. ऑफिसातल्या कुठल्याही कागदातलं एक अक्षर त्यात नाही, सतरा वर्षं माझी भाकरी त्या विश्वासावर आहे. पण तुमच्यापैकी प्रत्येकानं निराळी म्हातारी सांगितली, याचा विचार तुम्ही केलात का? तिघांनी तीन नावं घेतली. तीन बागा. मी एक गोष्ट मनानं रचली आणि तुम्ही मला तीन खऱ्या पुरवल्यात, आणि वर बजावलंत, "गप रव, आपणाक हयसरच रवाचा आसा."

ते खरं आहे, आपल्याला इथंच राहायचं आहे. मार्केझच्या त्या पुस्तकामागं १९५१ साली कोलंबियात त्याच्या ओळखीच्या माणसाचा झालेला खरा खून आहे. त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं म्हणे, मेलेल्याची आई जिवंत असेपर्यंत हे लिहू नकोस. त्यानं ऐकलं. तीस वर्षं गेली मधे. मला त्या आईचं पटतं, अगदी पटतं. कोणाच्या तरी घरात अजून ओलं असताना त्यावर आपण प्रकरणं पाडू नयेत. पण त्याची आई थांब म्हणाली होती. तुम्ही मला पुण्याला जा म्हणताय, म्हणजे खून तोच, फक्त तिकडच्या लोकांच्या माथी. पुणेकरांनी काय घोडं मारलंय?

आणि 'खोटा बोलूक शिकतंस' म्हणालीस ना आत्ये, त्यावर एकच. माझ्या गोष्टीत खोटं बोलणारी दोनच माणसं आहेत, म्हातारीला शुक्रवारी संध्याकाळी बघितलं असं सांगणारी. बाकी सगळी वाडी एक अक्षर खोटं बोलत नाही. बोलतच नाही. वाडीत फुकट शिकवतात म्हणतेस ते हेच असेल तर मला ते येतं, लहानपणापासून येतं. त्यासाठी आठ हजार भरले नाहीत मी.

सध्या नववं प्रकरण चालू आहे. नोटिशीचा अकरावा दिवस. मुंबईला फोन कोणीतरी करणार आहे, कोण ते ठरलंय, पण ते मात्र इथं सांगत नाही. एक मदत हवी आहे: फेरफाराची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली, किंवा मुदत संपता संपता हातात पडली, असं तुमच्यापैकी कोणाच्या बाबतीत झालं असेल तर लखोट्यावर पोस्टाचा शेरा नेमका काय असतो, आणि परत आलेला लखोटा तलाठ्याकडे किती दिवसांनी पोचतो, ते मला कळवा. नावं नकोत, गाव नको. फक्त शेरा आणि दिवस.